कारण : वारा

तपासणीला सतरा दिवस उरलेले असताना मलमवालीचा नवरा शिडीवरून पडला. फुलं वाळवायच्या जाळ्या माळ्यावरून काढत होता. शिडी घसरली, जाळ्या वरच राहिल्या आणि हा खाली आला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण डॉक्टरांनी तीन आठवडे लाकडी फळीवर उताणं पडून राहायला सांगितलं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. उचलायचं नाही म्हटल्यावर त्याला घरातली प्रत्येक वस्तू उचलावीशी वाटायला लागली.

तिनं फळी खिडकीशी लावून दिली. खिडकीतून झेंडूचं शेत दिसायचं. बत्तीस ओळी, मग बांध, आणि बांधापलीकडे धाकट्या भावाची कोबी. चार वर्षांपूर्वी हे सगळं एकच शेत होतं. वाटणी झाली, मोजणी झाली, दगड रोवले, आणि त्यातला एक दगड हातभर सरकलाय असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं ते ऐकून घेतलं नाही. हातभर जमीन म्हणजे कोबीची एक ओळ. त्या एका ओळीपायी सख्ख्या भावांनी चार वर्षं एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.

दोन्ही घरांत ये-जा होती ती फक्त त्यांच्या आईची. म्हातारी झोपायला धाकट्याकडे, दिवसभर थोरल्याकडे, आणि तिचा चष्मा कायम ती नसेल तिथे. मग कुणीतरी तो बांधावर आणून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूचं कुणीतरी उचलायचं. एवढाच काय तो व्यवहार.

गावात सगळे तिला मलमवाली म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडायचं. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवायच्या, सूर्यफुलाच्या तेलात घालून महिनाभर उन्हात ठेवायच्या, गाळायच्या, त्यात मधमाश्यांचं मेण वितळवायचं आणि चपट्या डब्यांत ओतायचं. फाटलेले हात, तडकलेल्या टाचा, थंडीतले ओठ, सगळ्यांना तेच. पंधरा वर्षं ती हे करत होती. मग शहरातल्या एका मोठ्या दुकानानं कळवलं की माल चांगला आहे, आम्हाला हवा आहे, पण डब्यावर सेंद्रियचा शिक्का आणा. शिक्का नसेल तर राहू द्या.

शिक्का देणाऱ्या कार्यालयानं चाळीस पानांची पुस्तिका दिली. तीन वर्षं शेतात काही फवारायचं नाही, हे पहिल्या पानावर. बाकीची एकोणचाळीस पानं ती अजून वाचतच होती. शंभर भागांतले पंच्याण्णव भाग सेंद्रिय असतील तरच तो शब्द डब्याच्या पुढच्या बाजूला छापायचा. कमी असतील तर मागे, घटकांच्या यादीत, बारीक अक्षरात. पाणी त्यात धरायचं नाही, कारण पाणी सेंद्रिय नसतं. ("मग काय असतं?" सासूनं विचारलं होतं.) तेलाचा दाखला, मेणाचा दाखला. मलमाचं पातेलं वेगळं, त्यात चहासुद्धा करायचा नाही. आणि डब्यावर 'टाचांच्या भेगा बऱ्या करतं' असं लिहायचं नाही. बरं करणं हे औषधाचं काम. मलमानं 'त्वचा मऊ ठेवतं' एवढंच म्हणावं.

हे सासूला फार लागलं. "माझ्या भेगा मग काय आपोआप गेल्या?" असं म्हणत तिनं टपालवाल्यासमोर पाय पुढे केला होता, कारण ती पुस्तिका त्यानं आणली होती.

तीन वर्षं मलमवालीनं डोळ्यात तेल घालून काढली. पानांखाली मावा पडला, ती रस शोषणारी बारीक कीड, तर साबणाचं पाणी, दुसरं काही नाही. ते काम नवऱ्याचं. रोज संध्याकाळी तो डबा आणि फडकं घेऊन ओळीत वाकायचा, एकेक पान उलटं करायचा आणि खालून पुसायचा. बत्तिसाव्या ओळीला पोचेपर्यंत पहिल्या ओळीत मावा पुन्हा हजर. कंबर त्या वाकण्यानंच गेली, शिडीचं नुसतं निमित्त, असं तिचं म्हणणं होतं.

लेबलाचा नमुना मंजूर झाल्याबरोबर तिनं घाई करून चारशे लेबलं छापून घेतली आणि रिकाम्या डब्यांवर चिकटवूनही टाकली. वरच्या हिरव्या पट्टीत पांढऱ्या अक्षरात तो एकच शब्द, सेंद्रिय. शेडमध्ये रचलेल्या त्या डब्यांकडे ती दिवसातून दोनदा तरी बघून यायची. काम काही नसायचं. नुसतं बघून यायची.

नवरा पडला त्याच्या पाचव्या दिवशी त्याला कंबरेचा फोटो काढायला शहरात न्यायचं होतं. फळीसकट टेम्पोत घातला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यानं वेगळी शिवी दिली. दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तोडणीच्या दोन बायका आल्या आणि बत्तीसही ओळींची फुलं उतरवून गेल्या. फुलं एकत्रच जाळ्यांवर पसरली, चार दिवस वाळली, आणि तिनं सासूला हाताशी घेऊन पाकळ्या तेलात घातल्या. अकरा बरण्या झाल्या. शेडच्या पुढच्या ओट्यावर उन्हात ओळीनं मांडल्या.

तपासणीला सहा दिवस उरले तेव्हा कुठे तिला बांधाकडचं तण काढायला सवड मिळाली. खुरपं घेऊन ती शेवटच्या ओळीत बसली आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की इथे मावा नाही. एकही नाही. आधी तिला बरंच वाटलं. मग मातीकडे नजर गेली. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे, मावा खाणारे, पाय वर करून पडले होते. चांगले पसाभर असतील. तिनं एक पान तोडून उलटं केलं. त्यावर पांढरट ठिपके वाळून बसले होते. पान नाकाशी नेलं. तो वास या घराला तीन वर्षांपूर्वीपर्यंत चांगला ओळखीचा होता.

चार ओळी तशा होत्या. पाचव्या ओळीत मावा सुखानं नांदत होता.

पलीकडे कोबीत कुणी नव्हतं. ती बांधाकडे बघत उभी राहिली. मुद्दाम केलंय हे तर उघड होतं. धाकटा दीर म्हणजे फवारणीतला वाकबगार माणूस. लोक त्याला दुसऱ्या गावांहून बोलवायचे, कारण त्याचा थेंब ठरलेल्या जागेबाहेर पडत नाही अशी ख्याती. चार वर्षं गप्प बसला आणि नेमका आत्ता, शिक्का दारात आल्यावर, त्यानं दावा साधला. खुरपं तिथंच टाकून ती तरातरा घरी आली.

सासू ओट्यावर बसून बरण्यांची तोंडं पुसत होती.

"भाऊजींनी आपल्या चार ओळींवर औषध मारलंय. तुम्हाला ठाऊक आहे?"

"मारलं ना?" म्हातारी म्हणाली. "चांगलं मारलं असेल. त्याचा हात चांगला आहे."

"आई!"

"अगं ओरडतेस काय? त्यानं विचारलं मला, दादा चार दिवस दिसत नाही शेतात. म्हटलं, पडलाय, फळीवर आहे. गप्प बसला. धड जेवलाही नाही त्या दिवशी. मग तुम्ही फोटो काढायला गेलात, त्या दिवशी पहाटे त्यानं कोबीला मारलं. पंपात अर्धं उरलं. मला म्हणाला, आई, दादाच्या कडेच्या ओळी माव्यानं काळ्या झाल्यात, त्याला उठता येत नाही, मारून टाकतो. कुणाला सांगू नकोस."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगू नको म्हणाला ना तो."

मलमवाली तिथेच पायरीवर बसली. राग भरभरून आला होता आणि तो कुणाच्या अंगावर टाकायचा हेच कळेना. तिनं बरण्यांकडे पाहिलं. अकरा बरण्यांत पाकळ्या वर तरंगत होत्या. त्यातल्या कुठल्या त्या चार ओळींच्या? सगळीकडे थोड्या थोड्या.

नवऱ्याला सांगताना तिला वाटलं होतं, तो चिडेल. चिडून उठायला जाईल आणि कंबर पुन्हा धरेल, म्हणून ती फळीवर हात ठेवूनच बोलली. त्यानं सगळं ऐकलं आणि छताकडे बघत राहिला.

"पहाटे मारलं?"

"हो."

"स्वतः?"

"मग काय माणूस लावून?"

"काळ्या झालेल्या दिसल्या त्याला," तो म्हणाला. "म्हणजे बघत असतो इकडे."

तो हसत होता. फळीवर पडल्यापडल्या जितकं हसता येतं तितकं, पण हसतच होता, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही. तिला स्वतःलाच रडू येत होतं, पण ते वेगळ्या कारणासाठी.

"वहीत लिहावं लागेल," ती म्हणाली.

वही म्हणजे कार्यालयानं दिलेली जाड नोंदवही. पेरणी, तोडणी, पातेली धुतल्याची तारीख, सगळं त्यात. एक पान शेजाऱ्यांचं होतं. शेजारच्या शेतातून फवारणी आल्यास तारीख, औषधाचं नाव, कारण, आणि खाली शेजाऱ्याची सही. तीन वर्षं ते पान कोरं होतं.

"नको लिहूस."

"मग माझ्या वहीला अर्थ काय?"

"चार वर्षांनी त्यानं हात पुढे केला. तो हात धरून तू तपासनीस बाईंपुढे उभा करणार? विष टाकलं म्हणून?"

"विषच आहे ते."

"त्याच्या लेखी नाही ना पण!" तो कळवळला, कंबरेत सणक आली होती. श्वास जागेवर आल्यावर हळू म्हणाला, "लिहिलंस तर तुझी तीन वर्षं जातील. नाही लिहिलंस तर राहतील. आणि माझा भाऊही राहील. मग वाद कशाचा घालतेस?"

हिशेब अगदी सरळ होता. त्याचाच तिला जास्त राग आला.

पुढचे दोन दिवस ती शेड धूत होती. फरशी, जाळ्या, पळ्या, गाळण्या. धुता धुता मनात तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी हात कोरडे करून तिनं पुस्तिका उघडली आणि एकतिसाव्या पानावर तिला वाट सापडली. वाऱ्यानं चार थेंब उडून आले असतील तर कडेच्या ओळी त्या वर्षी सोडायच्या आणि पुढे जायचं, माल चालतो. कुणी मुद्दाम मारलं असेल तर तो माल बाद, ती जमीन पुन्हा तीन वर्षं.

तिनं वही घेतली. तारीख खरी लिहिली. औषधाचं नाव सासूकडून काढून घेतलं. म्हातारीनं धाकट्याच्या गोठ्यातली बाटली बघून ते पाठ करून आणलं होतं. कारणाच्या रकान्यापुढे पेन बराच वेळ थांबलं. मग तिनं लिहिलं, वारा.

कुणाचं काही बिघडत नव्हतं. दिराला कुणी बोल लावणार नव्हतं, नवऱ्याचा जीव भांड्यात पडला, शिक्काही मिळणार होता. फक्त सही राहिली. सासू म्हणाली, दे, चष्म्याबरोबर पाठवते. ती म्हणाली, राहू दे. चार वर्षं ज्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्याच्यापुढे खोटं लिहिलेलं पान धरायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तपासनीस बाई सकाळी नऊला आल्या. उन्हानं रापलेल्या, बेताच्या उंचीच्या, पाठीला पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली, टेप, रिकाम्या बाटल्या आणि स्वतःचा जेवणाचा डबा. शेडच्या दारात त्यांनी बूट काढले, कारण बाहेरचं पायताण आत चालत नाही, हा त्यांचाच नियम. सासूची नजर थेट त्यांच्या टाचांवर गेली.

"अगं बाई, किती तडकल्यात! थांबा, जुन्या डब्यातलं थोडं आहे..."

"नको आजी. तपासणीच्या दिवशी काही घेता येत नाही आम्हाला."

"बोटभर?"

"बोटभरसुद्धा नाही. चहासुद्धा नाही."

मग म्हातारीनं त्यांचा नाद सोडला, पण टाचांकडे बघणं सोडलं नाही.

बाईंनी पातेलं उलटं करून पाहिलं. मेणाचा दाखला आणि पोत्यावरचा क्रमांक जुळवला. तेलाचे दाखले मोजले. डब्याचं लेबल उन्हात धरून मागची यादी बोट ठेवून वाचली, आधी तेल, मग मेण, मग झेंडू, वजनाच्या उतरत्या क्रमानं. "यादी छान केलीत," म्हणाल्या. मलमवालीला हायसं वाटलं. कुणी दहा वर्षांत तिच्या कुठल्या गोष्टीला छान म्हटलं नव्हतं. मलमाला म्हणायचे, तिला नाही.

मग त्या शेतात गेल्या. बांधापासून टेप लावला. चालता चालता वाकल्या आणि शेवटच्या ओळीतलं एक पान उलटं केलं. तिसऱ्या ओळीतलं एक. पाचव्या ओळीतलं एक. तिथेच उभ्यानं वही मागितली आणि शेजाऱ्यांचं पान काढलं.

"वारा होता त्या दिवशी?"

"हो," मलमवाली म्हणाली.

"वारा पानाच्या खालून आलेला दिसतो."

मलमवालीची कानशिलं तापली.

"सही नाही यावर."

"राहिलीय."

"शेजारी आहेत का आत्ता?"

शेजारी होता. कोबीत वाकून पिवळी पानं काढत होता आणि मघापासून एकदाही वर न बघता सगळं बघत होता. म्हातारीनं हाक मारली तसा हात झाडत आला आणि बांधाच्या त्याच्या बाजूला उभा राहिला. बाईंनी बांधावरून वही पुढे केली. त्यानं मातीचे हात पँटला पुसले, वही धरली आणि ओठ हलवत वाचायला लागला. तारखेवर मान हलवली. औषधाच्या नावावर मान हलवली. पुढच्या शब्दावर मान थांबली.

"वारा?" तो म्हणाला. "हे कुणी लिहिलं?"

म्हातारीनं मलमवालीकडे पाहिलं.

"मी वाऱ्यात फवारत नाही," तो बाईंना म्हणाला. आवाज चढत होता. "बावीस वर्षं पंप आहे माझ्या पाठीवर. पहाटे हवा पडलेली असते तेव्हा मारतो. विचारा कुणालाही. माझा थेंब माझ्या मर्जीशिवाय बांध ओलांडत नाही. वाऱ्यानं उडायला मी काय नवखा आहे?"

"मग त्या चार ओळींवर औषध कसं आलं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

आता त्याला कळलं. त्यानं वहिनीकडे पाहिलं. चार वर्षांनी पहिल्यांदा सरळ पाहिलं. ती मातीकडे बघत होती, आणि तिच्या त्या खाली घातलेल्या मानेवरून त्याला समजलं की इथे काहीतरी झाकलेलं होतं आणि ते त्यानंच उघडं केलं. अजूनही 'असेल वारा' म्हणता आलं असतं. ती मनात म्हणत होती, म्हणा, भाऊजी, म्हणा. पण बावीस वर्षांचा पंप त्याच्या पाठीवरून उतरायला तयार नव्हता.

"मी मारलं," तो म्हणाला. "पंपात अर्धं उरलं होतं. पानाच्या खालून मारलं, मावा खालीच असतो."

"तुमचं शेत नाही ते. का मारलंत?"

"का म्हणजे?" तो जवळजवळ ओरडलाच. "माझ्या भावाचं आहे ते!"

खिडकी उघडी होती. आतून फळी करकरल्याचा आवाज आला.

बाईंनी शेडमधल्या टेबलावर बसून लिहिलं. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं आणि एकेक सांगितलं. अकरा बरण्यांचं तेल सेंद्रिय म्हणून वापरायचं नाही. विकायचं तर नमुना तपासून आल्यावर, त्या शब्दाशिवाय. त्यांनी एका छोट्या बाटलीत तेल घेऊन तोंडावर लाख लावली. बांधाकडच्या चार ओळी, आजपासून पुन्हा तीन वर्षं. उरलेल्या अठ्ठावीस ओळींना हरकत नाही.

"मग त्यांना शिक्का?" मलमवालीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी. आणखी एका तपासणीनंतर." बाईंनी वही तिच्याकडे सरकवली. "तुम्ही खरं कारण लिहिलं असतंत ना, तर ही एक तोडणी गेली असती, बास. अठ्ठावीस ओळींचा शिक्का मी आज लिहिला असता. वहीत चुकीची नोंद सापडली की मला वर्ष थांबवावं लागतं. त्यात माझ्या हातात काही नाही."

म्हणजे औषधानं अकरा बरण्या गेल्या आणि वर्ष गेलं ते तिच्या अक्षरानं. तिला इतकी लाज वाटली की रडणंसुद्धा शोभणार नाही असं वाटलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, "ते चारशे डबे?"

"रिकामे आहेत ना? मग वापरा. पण तो शब्द झाकल्याशिवाय एकही भरायचा नाही."

दीर दारात उभा होता. आत आला नव्हता, बाहेरही गेला नव्हता. नियम सांगितला नव्हता तरी चपला काढून उभा होता.

"एक राहिलं," बाई त्याला म्हणाल्या. "बांधापासून आठ मीटर पट्टा बिनफवारणीचा लागतो. त्यांनी तेवढी जागा सोडायची, नाहीतर तुम्ही तेवढ्यात फवारायचं नाही. त्यांनी सोडली तर त्यांच्या आणखी सहा-सात ओळी जातील. काय ते दोघांनी ठरवा."

"आठ मीटर म्हणजे किती?"

"दहा-अकरा पावलं."

तो चपला घालून गेला. बांधावर उभा राहिला आणि तिथून स्वतःच्या कोबीत पावलं टाकत निघाला. गड्ड्यांना चुकवत, मोठ्यानं मोजत. अकराव्या पावलाला एक काठी रोवली. परत आला आणि वहीत सही करायला पेन मागितलं.

सासू हे सगळं डोळे बारीक करून बघत होती. "आणि तेव्हा हातभर दगडावरून..." तिनं सुरुवात केली.

"आई, तुझा चष्मा कुठाय?" धाकट्यानं विचारलं.

म्हातारी कपाळ चाचपायला लागली आणि तो विषय तिथेच राहिला.

दुकानानं उत्तर पाठवलं की शिक्का मिळाल्यावर जरूर कळवा. नमुन्याच्या बाटलीचा निकाल तीन आठवड्यांनी आला, तेल विकायला हरकत नव्हती. मलम गेली पंधरा वर्षं गेलं तसं आठवड्याच्या बाजारातच जाणार होतं. तोवर पाकळ्यांनी आपला रंग तेलाला देऊन टाकला होता. मलमवालीनं तेल गाळलं, मेण वितळवलं, पण डबे भरण्याआधी चारशे शब्द झाकायचे होते.

त्या दुपारी धाकटी जाऊ स्वतःची कात्री घेऊन आली. बोलावलं नव्हतं. दारात चपला काढल्या, "किती रुंद कापायच्या?" म्हणाली आणि मांडी घालून बसली. ती पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापत होती, सासू खळ लावत होती, मलमवाली पट्टी बसवून अंगठ्यानं दाबत होती. हिरव्या पट्टीवर पांढरी पट्टी. पहिले काही डबे तिला जड गेले. तीन वर्षं त्या एका शब्दासाठी घालवली होती आणि आता तो स्वतःच्या अंगठ्यानं बुजवत होती. शंभराव्या डब्यापर्यंत मन जरा बधिर झालं. जाऊ मधूनच म्हणाली, "वास छान येतो हो याला. माझ्याकडे आई एवढ्या वर्षांत एक डबा आणतील तर शपथ."

"सांगितलं होतंस का कधी?" सासू म्हणाली.

पलीकडच्या खोलीत नवरा खिडकीशी बसला होता. फोटो पाहून डॉक्टरांनी तीनाचे सहा आठवडे केले होते, पण आता दिवसातून दोनदा अर्धा तास बसायची परवानगी मिळाली होती आणि तो ती एक मिनिटही वाया घालवत नव्हता. खिडकीतून त्याला धाकटा दिसत होता. धाकटा झेंडूच्या पाचव्या ओळीत साबणाच्या पाण्याचा डबा आणि फडकं घेऊन वाकला होता. हेही कुणी सांगितलं नव्हतं. पंपवाल्याला वाकायची सवय नसते. दर चार झाडांनी तो उठून कंबरेवर हात ठेवत होता आणि एवढ्याशा माव्याला एवढा वेळ लागतो म्हणून स्वतःशीच बडबडत होता. घाईनं पानाच्या वरून फडकं फिरवत होता आणि पुढे जात होता.

नवऱ्यानं एक झाड सोसलं. दुसरं सोसलं. तिसऱ्याला त्याच्याच्यानं राहवेना.

"खालून!" तो खिडकीतून ओरडला. "पान उलटं कर! खालून पूस!"

शेडमध्ये तिघींचे हात थांबले.

शेतात धाकटा ताठ उभा राहिला. फडक्यातून पाणी गळत होतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि फडकं पिळलं.

"माहितेय रे दादा!" तो शेवटी ओरडला. "बावीस वर्षं..."

"ते पंपाचं! हे फडक्याचं आहे! आणि मागचं झाड सोडलंस!"

"मग ये की खाली! नुसत्या तोंडाच्या गप्पा!"

"येतो! आठ दिवस थांब फक्त!"

म्हातारी खळीचे हात तसेच धरून उठली आणि दारापर्यंत गेली. चष्मा धाकट्याच्या घरी राहिला होता, त्यामुळे तिला शेतात आणि खिडकीत नुसते दोन ठिपके दिसत होते.

"कोण बोलतंय गं?" तिनं विचारलं.

"दोघंही," जाऊ म्हणाली.